पिळाची सळई

मराठवाड्यातल्या माणसाने दिवाळी अंकात संशोधनपर लिहायचे म्हणजे ताम्रपट, शिलालेख किंवा बारव, असा एक संकेत पडून गेला आहे. मी तर चारठाण्याचा. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात यादवकालीन मंदिरे आहेत, बारव आहे, उंच कोरीव स्तंभ आहे, आणि त्यांच्यावर माझ्याहून जाणत्या लोकांनी लिहिले आहे. माझ्या वह्या मात्र गेली काही वर्षे लोखंडाने भरत आल्या आहेत. नेमके सांगायचे तर गाडी आणि चाक यांच्या मधल्या लोखंडाने.

जुन्या स्पोर्ट्स कारला जाड अँटीरोल बार बसवायचा, रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे घालायचे, स्प्रिंगा बदलून गाडी दोन बोटे खाली आणायची, हा मुंबई-पुण्याकडे हौसेचा मामला समजला जातो. हौस आहेच. पण त्या हौसेच्या पोटात एक इतिहास आहे आणि त्याचा एक फाटा थेट आमच्या काळ्या रानातून जातो. तिकडे अजून कोणी फारसे वळलेले दिसत नाही, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात पाट्यापासून करावी लागते. आमच्याकडे बैलगाडीचा सांगाडा सरळ आसावर बसे. चाक दगडावरून गेले की हादरा माणसाच्या माकडहाडात. माणसांसाठी केलेल्या हलक्या दमणीत बसणाऱ्याचे सुख पाहिले जाई, पण लोखंडी पाट्याची सवय लावली ती शहरातल्या टांग्याने आणि बग्गीने. एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्यांची लंबवर्तुळाकार कमान ओबाडाया इलियट या इंग्रज कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला घोडागाडीला बसवली आणि त्याचे पेटंट घेतले. तीच कमान मोटारीत आली. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली रस्ते वाहतुकीचे खाते काढले ते २७ बसगाड्यांवर. स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या त्या गाड्या पाट्यांवरच चालत. हैदराबाद संस्थानातल्या रस्त्याला मोटार सोसली ती पाट्यामुळे, असे मी म्हणतो. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

पाट्याचे गणित साधे आणि निष्ठुर आहे. पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. म्हणून जाड पट्टी एक घालण्याऐवजी पातळ पट्ट्या अनेक घालतात. त्या एकमेकींवर घासतात, आणि ते घासणेच थोडेफार शॉकअपचे काम करते. ग्रीस नसलेला पाटा कुरकुरतो तो त्यामुळे.

आता सळई. गाडी वळणावर वेगाने गेली की बाहेरच्या बाजूला कलते. हे कलणे थोपवण्यासाठी पुढच्या दोन्ही चाकांच्या आर्मना जोडणारी एक वाकवलेली सळई बसवण्याची कल्पना निघाली. तिचे पहिले पेटंट कॅनडातल्या फ्रेडरिक्टनचे स्टीफन कोलमन यांना १९१९ च्या एप्रिलमध्ये मिळाल्याचे मानतात. आपल्या गॅरेजात तिला स्टॅबिलायझर म्हणतात आणि तिच्या टोकाच्या जोडाला लिंक रॉड. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली तर सळई बुशात नुसती फिरते, काहीच करत नाही. एकच चाक वर गेले, किंवा गाडी कलली, तर तिला पीळ पडतो आणि ती पीळ सोडवू पाहते. बस, एवढेच तिचे काम. तिचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १६ मिलिमीटरच्या जागी १९ मिलिमीटरची सळई घातली, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा फरक केला, तर ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. हौशी मंडळी इथेच फसतात.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना ठाऊक असते. वळणावर आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर सरकतो. तो एकूण किती सरकणार हे गाडीचे वजन, वजनाच्या मध्याची उंची, दोन चाकांमधले अंतर आणि वेग यांवर ठरते. सळई तो कमी करत नाही. ती फक्त वाटणी करते: पुढच्या जोडीने किती सोसायचा आणि मागच्या जोडीने किती. पुढची सळई जाड केली तर पुढची चाके आधी पकड सोडतात, गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. मागची जाड केली तर शेपूट फिरते. म्हणजे ‘सस्पेन्शन सुधारले’ असे कोणी म्हणाले की विचारावे, कोणत्या टोकाला?

या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात धावत होते. १९५० च्या दशकात सरकारने ठरवले की नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे जागा नाही, सुटे भाग इथेच बनवायला हवेत. मुंबईत १९२८ पासून जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. पुढे सामान्य भारतीयाच्या वाट्याला मुख्यतः तीनच मोटारी आल्या: उत्तरपाड्याची अँबॅसेडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. स्पोर्ट्स कार आणायची तर आयातीच्या भिंतीवर डोके आपटायचे. म्हणून शोलावरम किंवा बराकपूरच्या जुन्या धावपट्ट्यांवर शर्यती लागत तेव्हा घरच्याच मोटारी शर्यतीच्या करून आणाव्या लागत.

तिघींच्या बुडाखाली तीन वेगळे विचार होते. अँबॅसेडरला पुढे लांब टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगेचे काम करणारी पिळाचीच सळई. फियाटला पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि अँटीरोल बार, मागे पाटे. हेराल्डचा मागचा भाग मात्र अजब. १९६१ पासून मद्रासला बनणाऱ्या या गाडीचा मागचा आस अखंड नव्हता. मधला गिअरांचा डबा चासीला घट्ट, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पंखासारखे वरखाली होणारे दोन अर्धे आस. वर एक आडवा पाटा. सरळ रस्त्यावर झकास. पण वळणात चालकाने घाबरून पाय उचलला की मागची बाजू वर येई, बाहेरचे चाक पोटाखाली दुमडल्यासारखे आत वळे आणि गाडी गर्रकन फिरे.

हेराल्डच्याच सांगाड्यावर इंग्लंडमध्ये १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार निघाली. म्हणजे मद्रासच्या हेराल्डची ती सख्खी बहीण, आणि खोडही तीच. मालकांनी जाड सळई, खाली बसवलेला पाटा असे नाना उपाय केले. कंपनीने १९७० च्या स्पिटफायरमध्ये तोडगा काढला तो मला या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. आडव्या पाट्याच्या सगळ्या पट्ट्या डब्याला आवळण्याऐवजी फक्त एकच आवळली, बाकीच्या मोकळ्या झुलू दिल्या. त्यामुळे मागचा पाटा उडी झेलत राहिला, पण कलण्याला विरोध करेनासा झाला. तो विरोध पुढे जाड केलेल्या सळईकडे सोपवला. काही ताठ केले नाही, उलट मागचे सैल केले; आणि गाडी सुधारली. आपल्याकडे मात्र मद्रासच्या कारखान्याने १९७२ च्या स्टँडर्ड गॅझेलला अखंड आस बसवून प्रश्नच मिटवला. आपल्या खड्ड्यांना तेच मानवले असावे.

कारण सळईचा एक दोष शर्यतीच्या मैदानावर कळत नाही, जिंतूरच्या रस्त्यावर कळतो. ती दोन चाकांना बांधते. डावे चाक खड्ड्यात गेले की उजव्यालाही ओढ बसते. सळई जेवढी जाड, तेवढे एका चाकाचे दुखणे दुसऱ्याला. गावाकडच्या मिस्त्रींनी झिजलेला लिंक रॉड नवा घालण्याऐवजी काढूनच टाकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. शहरी माणूस याला अडाणीपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. वीस-तीसच्या वेगाने चाकोरीतून जाणाऱ्या गाडीला कलण्याची भीती नसते, आपटण्याची असते. मात्र तीच गाडी महामार्गाला लागली की हिशेब उलटतो, हेही खरे.

आता इतिहासकाराच्या पोटात दुखते ते सांगतो. जुनी गाडी मूळ रूपात ठेवायची की चालवण्याजोगी करायची? कायद्याने या प्रश्नाला दोनदा हात घातला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे केंद्रीय नियम आले. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. या तिन्हींच्या मधले जे लोखंड, पाटे, सळया, बुश, त्याचे नाव या यादीत नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात ते नसेल. पण गाडी ज्या रस्त्यावर जगली त्याचा पुरावा नेमका तिथे उमटलेला असतो. बुश एका बाजूने जास्त झिजला, पाट्यातली तिसरी पट्टी वेगळ्या पोलादाची निघाली, सळईच्या टोकाला वेल्डिंगची गाठ सापडली, की कोणत्या वर्षी कोणता भाग मिळत नव्हता आणि मिस्त्रीने काय जुगाड केला, हे वाचता येते. आमच्या मंदिरांत चुन्याशिवाय बसवलेले चिरे एकमेकांच्या भाराने उभे आहेत. त्यांच्या सांध्यात सिमेंट भरले की भिंत टिकते, पण ती कशी उभी होती हे कळेनासे होते. तसेच हे.

मी सुधारणेच्या विरोधात नाही. फियाट चालवायची तर ब्रेक आणि बुश आजचे असावेत. माझे मागणे एवढेच की काढलेली सळई तिची जाडी मोजून, चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवावी. आजवर भेटलेल्या मालकांपैकी फार थोड्यांनी ती ठेवली आहे. बाकीच्यांनी भंगारात दिली.

मुंबईची शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. टॅक्स्यांच्या या ताफ्याचे पाटे आणि सळया कुठे गेल्या, याची नोंद कोणी ठेवलेली मला आढळली नाही. आमच्या भागात पाल टाकणाऱ्या एका घिसाड्याला मी विचारले, भंगारातले गाडीचे लोखंड ओळखतोस का. तो म्हणाला, “पाट्याचा कोयता व्हतो, दादा. सळईची पहार. पीळ लई असतो तिच्यात, तापवल्याबगर सरळ व्हत न्हाई.”