वारसांनी जमा केलेली बंदूक : पावती आणि नोंद (म्हैसूर)
पीकरक्षणासाठी किंवा स्वसंरक्षणासाठी घेतलेली बंदूक परवानाधारकाच्या मृत्यूनंतर स्वतःच्या परवान्याशिवाय घरात ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार वारसांनी ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी. स्वतःच्या नावे परवाना मिळाल्यास ती परत घेता येते, किंवा विकता येते.

खरी अडचण नोंदीची आहे. बंदूक जमा होते ठाण्यात. परवाना मात्र म्हैसूर शहरात पोलीस आयुक्तांच्या, तर ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असतो. दोन्हींचा मेळ नसेल तर बंदूक कागदोपत्री मृत व्यक्तीच्याच नावावर राहते. मुदतीत दावा न केल्यास ती सरकारजमा होऊ शकते. त्याआधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, पण नोंदीत जुना पत्ता असेल तर ती हाती पडणार कशी?

म्हणून पावतीवर बंदुकीचा क्रमांक, परवाना क्रमांक, तारीख आणि आपला सध्याचा पत्ता लिहून घ्यावा. पावती कन्नडमध्ये असली तरी बंदुकीवरचा क्रमांक स्वतः ताडून पाहावा. पावतीची प्रत परवाना कार्यालयात देऊन पोच घ्यावी.

आपला स्वतःचा जुना पुस्तकी परवाना असल्यास त्यावर राष्ट्रीय नोंदणीचा यूआयएन क्रमांक आहे का, तेही पाहावे. २९ जून २०२० पासून यूआयएन नसलेला परवाना अवैध धरला जातो.