सैल झाकण : मळसूत्र, आटे आणि संयोगाचा थोडा इतिहास

मंडळी, लॅपटॉप उलटा करून पाहिला तर खाली पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं एक झाकण दिसतं. आठ-दहा बारीक स्क्रू, कडेनं आतल्या बाजूला प्लास्टिकच्या चिमुकल्या कड्या, चार कोपऱ्यांत रबराचे पाय. एक दिवस हे झाकण एका कडेला उचललेलं दिसतं. नख जाईल एवढी फट. टेबलावर यंत्र डुगडुगतं. घरातलं कुणीतरी अंगठ्यानं दाबतं, टक असा आवाज होतो, आणि दोन दिवसांनी फट पुन्हा हजर. आजचा आपला विषय ही फट. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं या भानगडीत का पडावं, असं कुणी विचारील. आमचं म्हणणं असं की हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. फक्त लॅपटॉप नवा आहे.

वैशेषिक दर्शनात दोन वस्तूंच्या जोडणीचे दोन प्रकार मानले आहेत. पहिला संयोग. भांडं जमिनीवर ठेवलंय, उचललं की दोन्ही वस्तू शाबूत. दुसरा समवाय. सूत आणि कापड यांचा संबंध तसा. सूत काढून घेतलं तर कापड उरत नाही. संयोग हा गुण आहे, तो 'विभाग' नावाच्या दुसऱ्या गुणानं नाश पावतो. म्हणजे जो संयोग आहे तो सुटू शकतो, हे त्याच्या स्वभावातच धरलेलं. प्रशस्तपादानं संयोगाचेही प्रकार पाडले. एक वस्तू स्थिर आणि दुसरी येऊन टेकते, खांबावर ससाणा बसावा तशी. किंवा दोन्ही वस्तू हलून भिडतात, दोन मल्ल भिडावेत तशा. सातारा-सांगलीकडच्या श्रोत्यांना दुसरं उदाहरण समजावून सांगायची गरज नाही. हे दोन प्रकार लक्षात ठेवा, आपल्या फटीचं निदान त्यावरच होणार आहे.

आता इतिहास. मराठीत स्क्रूला जुना शब्द मळसूत्र. त्याच्यावरच्या फिरत्या खाचांना आपण आटे म्हणतो. हाताला आटे समजतात. आटे गेले की कारागीर न बघता सांगतो. पण एकाच्या कारखान्यातलं मळसूत्र दुसऱ्याच्या नटात बसेल, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकापर्यंत गृहीत धरता येत नव्हती. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकारानं १८४१ मध्ये आट्यांचा कोन ५५ अंश असावा, आणि कुठल्या जाडीला इंचात किती आटे, याचं एक माप मांडलं. अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा सुचवला. आजचा मिलिमीटरचा आटाही ६० अंशांचाच. इंग्रजी राज्यामुळे आपल्याकडे व्हिटवर्थ आला, आणि १९५६ च्या कायद्यानं दशमान मापं आल्यावरही तो जुन्या यंत्रांत टिकून राहिला. इंची बोल्ट मिलिमीटरच्या नटात दीड-दोन फेरे गोडीनं जातो आणि मग अडकतो. जोर केला की दोघांचेही आटे जातात. वर्कशॉपमध्ये अजून 'दोन सूत' म्हणतात, म्हणजे पाव इंच.

आपल्या भागात ही बदलत्या भागांची विद्या आली ती नांगरातून. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, पुढे तिथल्याच व्हिक्टोरिया जुबिली संस्थेत यांत्रिक रेखाटन शिकवणारे. ती नोकरी सोडून बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. बेळगावच्या नगरपालिकेनं जागा सोडायला लावली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावलं, आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. आमच्या वयाच्या माणसांना त्या भागाचं दक्षिण सातारा हेच नाव आधी आठवतं. १९६० पर्यंत तेच होतं.

लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायलाच दोन वर्षं लागली असं सांगतात. ही समजूत अडाणीपणाची होती असं म्हणून आपण मोकळे होतो, पण तिच्या शेजारी दुसरी एक रास्त शंका उभी होती. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बांधावर बसून नीट करत असे. बलुतं ठरलेलं, माणूस ठरलेला. लोखंडी नांगर मोडला तर कुणाकडे जायचं? या शंकेचं उत्तर व्याख्यानातून देता येत नाही. ते नट-बोल्टातून द्यावं लागतं. फाळ झिजणारच, तेव्हा झिजणारा भाग तेवढा वेगळा ठेवायचा, बोल्टानं बसवायचा, आणि नवा फाळ जुन्याच भोकांवर यायला पाहिजे. शेतकऱ्यानं पान्यानं दोन बोल्ट सोडले की काम भागलं. आमच्या मते तो नांगर इकडे रुजला यात धातूच्या गुणाइतकाच या सुट्या फाळाचा वाटा आहे. पुढे साताऱ्यात धनजीशा कूपर यांनीही नांगर काढले, सातारा रोडचा कारखाना त्यांचाच. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. नांगरवाला राज्याचा प्रमुख झाला, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ पासून काचकारखाना. तिथला प्रभाकर कंदील. कंदिलाची काच नीट बसली नाही तर हवा वेडीवाकडी शिरते, ज्योत धुरकटते, काचेवर काजळी धरते. आणि काच फुटली म्हणून कुणी कंदील टाकला नाही. बाजारातून दुसरी काच आणली, तार उचलून बसवली.

मिरजेचं उदाहरण थोडं निराळं आहे. तिथले शिकलगार मूळचे हत्यारं घडवणारे, पाजळणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांपासून ते तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्याच्या पोकळीवर लाकडाची तबली बसवलेली असते. पोकळीवरचं झाकणच म्हणा. इथे स्क्रू नाही, तरी तबली उकलता येते. जुन्या वाद्यकामातला सरस उष्णतेनं आणि ओलाव्यानं सुटतो, आणि पुन्हा लावता येतो. म्हणजे चिकटवलेलं असूनही तो संयोगच. हे ध्यानात घ्या, कारण चिकटवणं वाईट आणि स्क्रू चांगला असा सोपा भेद करायचा मोह आम्हालाही होतो. खरा प्रश्न इतकाच, की जोडणाऱ्यानं सोडवणाऱ्याचा विचार केला होता का?

लॅपटॉपच्या बाबतीत हा विचार गेल्या पंधरा-वीस वर्षांत पातळ होत गेला. आधी खाली एक सरकती कळ असायची, ती ओढली की बॅटरी हातात यायची. २००८ सालच्या मॅकबुक एअरमध्ये बॅटरी झाकणाच्या आत गेली. २०१२ च्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये ती गोंदानं चिकटवलेली आली. मधल्या काळात पाच पाकळ्यांच्या खाचेचा स्क्रू आला, ज्याचा स्क्रू-ड्रायव्हर साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नसे. समवाय निसर्गतः असतो, हा मात्र मुद्दाम केलेला समवाय. वस्तू विकत घेणाऱ्याची, पण तिचं झाकण उघडायचा हक्क मात्र दुसऱ्याकडे. याविरुद्ध आता हालचाल आहे. आपल्या केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात संकेतस्थळ काढलं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे.

आता फटीकडे येऊ. पहिला प्रश्न प्रशस्तपादाचा : ससाणा की मल्ल? झाकण आपणहून उचललंय, की आतून कुणी ढकलतंय? यंत्र बंद करा, चार्जर काढा, सपाट टेबलावर ठेवा. फट कडेला किंवा एखाद्या कोपऱ्यात असेल, तिथला स्क्रू गायब असेल, तर बहुधा ससाणा. पण झाकणाला मधोमध पोट आलं असेल, वरचा टचपॅड उचलला असेल किंवा दाबला जात नसेल, तर आतली लिथियम बॅटरी फुगली आहे असं समजा. तेव्हा दाबायचं नाही. स्क्रू आवळायचे नाहीत. चार्जिंग लावायचं नाही, टोचायचं तर अजिबातच नाही. आतल्या पेशीला भोक पडलं तर ती पेट घेते. यंत्र गादीपासून, कागदांपासून दूर ठेवून जाणकार कारागिराकडे न्यायचं. आमच्या ओळखीच्या एका घरी दुकानदारानं असं फुगलेलं झाकण चार नवे स्क्रू लावून 'घट्ट' करून दिलं होतं. पैसेही घेतले. नशीब म्हणून पुढे काही झालं नाही.

फुगवटा नसेल तर काम शांतपणाचं आहे. खाली मऊ कापड. कागदावर लॅपटॉपची चौकट काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवत जा, कारण त्यांच्या लांब्या वेगळ्या असतात. आखूड जागी लांब स्क्रू गेला तर झाकण टेकत नाही, कधी आतल्या पाटीलाही लागतो. एखादा स्क्रू रबराच्या पायाखाली दडलेला असतो. तो राहिला आणि झाकण ओढलं तर प्लास्टिक तुटतं. कडा उचकटायला सुरी नको, जुनं प्लास्टिकचं कार्ड चालतं. आत कड्या मोडल्यात का, पितळेची बारीक नटं प्लास्टिकातून उपसून आलीत का, एखादी वायर कडेखाली चेंगरलीय का, ते पाहा. बसवताना आधी बिजागरीकडची कड, मग सगळीकडून अंगठ्यानं, टक-टक ऐकत.

स्क्रू लावताना आमच्या भागातले जुने फिटर एक करायचे ते सांगतो. आधी स्क्रू उलटा फिरवायचा, काढायच्या दिशेनं, अगदी हलक्या हातानं. एका क्षणी तो किंचित खाली पडल्यासारखा वाटतो. तिथे जुना आटा सापडला. मग सरळ फिरवायचा. सगळे स्क्रू आधी सैल लावायचे, मग समोरासमोरचे आवळत जायचे. टेकला की थांबायचं. प्लास्टिकात पाव फेरा जास्त झाला की आटे गेले. पितळेचं नट उपसून आलं असेल तर ते तापवून पुन्हा बसवता येतं, पण ते मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर होऊ द्यावं. साताऱ्यात, सांगलीत, कऱ्हाडच्या स्टँडजवळ ही मुलं आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांना हे काम कुठल्या वर्गात शिकवलेलं नाही.

कुणाच्या लॅपटॉपचं झाकण डुगडुगत असेल तर आता प्रश्नोत्तरांच्या वेळी पुढे आणा. चालू असेल तर आधी बंद करा.