काडीमोड आणि भाकर

तारळी जिथे कृष्णेला मिळते ते उंब्रज. तिथून जवळच पाल येथे पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते आणि सारा रस्ता भंडाऱ्याने पिवळा होतो. देवाचे लग्न दरवर्षी नव्याने लागते. माणसांची मात्र मोडतात. लग्न लावण्याच्या विधींवर आपल्याकडे पोथ्यांचे ढीग आहेत. मोडलेल्या लग्नाचा इतिहास बहुतांशी पंचांच्या तोंडीच राहिला.

धर्मशास्त्राने विवाह हा संस्कार मानला आणि वरच्या वर्णातील स्त्रीला त्यातून सुटका ठेवली नाही. कष्टकरी जातींत मात्र पंचांपुढे काडी मोडली जाई, सोडचिठ्ठी मिळे आणि बाई पाट लावून नवा संसार मांडी. रानात राबणाऱ्या बाईला जन्मभर कोंडून ठेवणे त्या समाजाला परवडणारेच नव्हते. आर्थर स्टील याने १८२७ साली दख्खनमधील जातींच्या रूढींचा जो संग्रह केला, त्यात या रीतींची नोंद आहे. पुढे वरच्यांचे अनुकरण करण्याच्या नादात हीच रीत 'हलकी' ठरली. जे माणुसकीचे होते त्याचीच आपल्याला लाज वाटू लागली!

म्हणून काडीमोडीचे गोडवे गावेत काय? तसेही नाही. पंच सारे पुरुष. पहिल्या नवऱ्याचा लग्नखर्च नव्याने भरून द्यायचा, म्हणजे बाई एका हिशेबातून दुसऱ्या हिशेबात जायची. मूल बहुधा बापाच्या घराण्याचे समजले जाई. आणि पाट न लावणाऱ्या बाईने खायचे काय, हा प्रश्न पंचांपुढे येतच नसे. काडीमोडीने बाईला वाट दिली. भाकर दिली नाही, पोरही दिले नाही.

इंग्रजी न्यायालये आली आणि होती ती वाटही अरुंद झाली. नवऱ्याच्या संमतीवाचून बाईने दुसरा पाट लावावा, ही जातीची रूढी मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ साली अनीतीची म्हणून नाकारली. विवाह रद्द ठरवण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार १८७६ साली पुन्हा नाकारला गेला. पंचांची सत्ता गेली याचे दुःख नको. पण तिच्या जागी बाईला काय मिळाले? दुसरे लग्न केल्याच्या फौजदारी खटल्याचे भय.

१९४७ साली मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. हिंदू कोड बिलावरील चर्चेत, १९४९ साली, बाबासाहेबांनी विरोधकांना नेमके इथेच धरले. घटस्फोट ही नवी गोष्ट नाही. हिंदूंमध्ये नव्वद टक्के असलेल्या शूद्रांत ती रूढच आहे. मग दहा टक्क्यांचा कायदा नव्वदांवर लादायचा काय, असा त्यांचा सवाल होता. बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा या तिन्ही गोष्टी न्यायालयाच्या कक्षेत आणल्या. कलम २९ ने रूढीची काडीमोडही शाबूत ठेवली. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्याने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहावे असे म्हटले, पण नैसर्गिक पालक म्हणून पहिला मान बापालाच दिला. १९७३ च्या फौजदारी संहितेने घटस्फोटितेलाही पोटगीचा हक्क दिला. तेव्हाची पाचशे रुपयांची कमाल मर्यादा २००१ साली उठली आणि १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

मग अडते कुठे? अडते ते स्टॅम्प पेपरवर. उंब्रज काय किंवा दुसरे कुठलेही गाव काय, चार माणसे बसवून 'राजीखुशीने फारकत' लिहून घेण्याची चाल मोडलेली नाही. रूढीचा घटस्फोट सांगणाऱ्याने ती रूढी पुराव्याने सिद्ध केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. ती सिद्ध झाली नाही तर बाई कायद्याने त्याचीच बायको राहते. आणि परस्पर संमतीने वेगळ्या राहणाऱ्या बायकोला कलम १४४ ची पोटगी मिळत नाही! म्हणजे ज्या कागदाने ती मोकळी होत नाही, त्याच कागदातला 'राजीखुशी' हा शब्द तिच्या भाकरीच्या आड उभा केला जाऊ शकतो. सही करताना तिची खुशी कुणी विचारलेली असते?

उंब्रजहून कऱ्हाड ओलांडून महामार्गाने पुढे गेले की कासेगाव लागते. तिथल्या इंदुताई पाटणकरांच्या नेतृत्वाखाली स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने १९८० च्या दशकात परित्यक्तांना संघटित केले आणि त्यांच्या नावाने घरजागा मागितली. सुटकेला पाय ठेवायला जमीन लागते, हे त्या बायांनी ओळखले होते.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी एवढे तरी करावे. गावातल्या बैठकीत असा कागद पुढे आला, की सहीपूर्वी बाईला वकिलाकडे किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे न्यावे. स्त्रीला तिथे मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. लहान मुलाची पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे, आईच्या सहीने तो बुडत नाही, हे चारचौघांत मोठ्याने सांगावे. काडी मोडायला क्षण लागतो. त्यानंतरची वर्षे बाईला आणि तिच्या पोराला काढायची असतात.