बिनतारी दिव्याची गोष्ट

नाटकात नायिका हातात कंदील घेऊन अंधाऱ्या वाड्यातून चालत येते. वात थरथरते. ती दाराशी थबकते आणि नेमका त्याच क्षणी कंदील विझतो. प्रेक्षागृहात कुणीतरी हळूच "आई गं" म्हणतं.

आता हाच प्रसंग जरा इंजिनिअरच्या डोक्याने बघा. कंदिलाला वायर नाही, कारण बाई चालतेय. ज्योत खरी नाही, कारण लाकूड, कापड आणि रंग यांनी भरलेल्या स्टेजवर उघडी आग कुणालाच नको असते. मग कंदील विझवला कुणी?

तर विंगेत बसलेल्या एका पोराने. कंदिलात एक एलईडी, एक लिथियम सेल, एक छोटा मायक्रोकंट्रोलर आणि बोटाच्या पेराएवढं रेडिओ मॉड्यूल. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तासभर फिरलात तर हा सगळा माल काही शे रुपयांत पिशवीत पडतो. पण मंडळी, हा कंदील इथवर पोचायला १८० वर्षं लागली आहेत. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला आपल्याकडे सगळे दिवे बिनतारीच होते!

५ नोव्हेंबर १८४३. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. तेव्हा उजेड म्हणजे समया, तेलाचे दिवे आणि मशाली. मशाल माणसाच्या हातात, त्यामुळे पात्र जाईल तिकडे उजेड जाणार. 'टेंभा मिरवणे' हा वाक्प्रचार आपण आज टोमणा म्हणून वापरतो, पण टेंभा धरून उभं राहणं हे एके काळी खरोखरचं काम होतं. त्या काळच्या नाटकांत राक्षसाची एंट्री झाली की राळ उडवायचे. राळेची बारीक पूड मशालीवर फेकायची की क्षणभर मोठा भपका होतो. ढेकूळ असेल तर राळ सावकाश जळते, पण पूड हवेत उडाली की प्रत्येक कणाला सगळीकडून हवा मिळते आणि सगळी एकदम पेटते. वायर नाही, बॅटरी नाही, टायमिंग मात्र अचूक. आपल्या रंगभूमीचा हा पहिला बिनतारी इफेक्ट.

यातला धोका सांगायला नकोच. आग.

भाव्यांच्या प्रयोगानंतर सहाच वर्षांनी, म्हणजे १८४९ साली, पॅरिसच्या ऑपेरात मायरबेअरच्या 'ल प्रोफेत' या संगीतिकेत स्टेजवर विजेचा सूर्य उगवला. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटवलेली ठिणगी, आणि मागे वीज पुरवणाऱ्या रासायनिक बॅटऱ्या. हे मला फार आवडतं. आपल्याला वाटतं आधी भिंतीतली वीज आली आणि मग बॅटरी. नाटकात उलटं झालंय. भिंतीत वीज यायच्या कितीतरी आधी बॅटरी स्टेजवर येऊन गेली होती.

पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. पुढच्याच वर्षी युरोपात दोन गोष्टी घडल्या. ८ डिसेंबर १८८१ ला व्हिएन्नाचं रिंग थिएटर गॅसच्या दिव्यांमुळे पेटलं आणि शेकडो माणसं गेली. त्यानंतर २० दिवसांनी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचं स्टेज पहिल्यांदा विजेच्या दिव्यांनी उजळलं. मालक डॉयली कार्ट स्वतः स्टेजवर आला, पेटता बल्ब मलमलीत गुंडाळला आणि सगळ्यांसमोर फोडला. मलमल जळाली नाही. व्हिएन्नाची बातमी ताजी असताना लोकांना यापेक्षा चांगलं डेमो काय देणार?

त्याच सॅव्हॉयमध्ये २५ नोव्हेंबर १८८२ ला 'आयोलँथी' नावाची संगीतिका आली. त्यातल्या काही पऱ्यांच्या केसांत छोटे विजेचे दिवे चमकत होते आणि बॅटरी त्यांच्या पाठीवर लपवलेली होती. दिवाळीत आपण ज्या माळा लावतो त्यांना इंग्रजीत 'फेअरी लाइट्स' म्हणतात, ते नाव याच पऱ्यांवरून रूढ झालं असं सांगितलं जातं. म्हणजे बॅटरीवर चालणारा, पात्राबरोबर फिरणारा आणि आग न लावणारा दिवा १८८२ सालीच तयार होता.

मग आपल्याकडे तो इतका उशिरा का आला?

कारण आपल्या नाटकातला उजेड वेगळ्याच वाटेने गेला. तेलाच्या दिव्यांनंतर आल्या रॉकेलच्या दाबावर चालणाऱ्या किटसनच्या बत्त्या. उजेड भरपूर, पण बत्ती टांगलेली किंवा ठेवलेली, पात्राबरोबर हलणारी नाही. मग वीज आली आणि दिवा छताला गेला तो गेलाच. डिमर आले. सुरुवातीला मिठाच्या पाण्यात धातूच्या पट्ट्या खालीवर करून दिवे मंद करायचे, पुढे रेझिस्टन्सचे डिमर, मग थायरिस्टरचे. २६ जून १९६८ ला पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर सुरू झालं तोवर 'प्रकाशयोजना' ही वेगळी कला म्हणून उभी राहिली होती. पण तिचे सगळे दिवे वायरने बांधलेले.

दरम्यान नाटकं वास्तववादी होत गेली. १९३३ सालच्या 'आंधळ्यांची शाळा'पासून दिवाणखाना दिवाणखान्यासारखा दिसू लागला. दिवाणखाना आला की टेबललॅम्प आला, आणि त्याच्याबरोबर मराठी नाटकातली एक अजरामर थाप आली, ती म्हणजे खोटं बटण. नट भिंतीवरचं बटण दाबतो आणि विंगेतला माणूस खरं बटण दाबतो. दोघांची चुटपूट जमली तर कुणाला कळत नाही. अर्ध्या सेकंदाने चुकली की हशा.

तर मुद्दा असा, की 'दुरून दिवा लावणे' आपल्याला नवीन नव्हतंच. नवीन होतं ते वायरीशिवाय लावणे. तेही तसं जुनंच. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौदात एक छोटी बोट सोडली आणि ती बिनतारी लहरींवर चालवून दाखवली. त्या बोटीवरचे दिवे तो लांबूनच लुकलुकवायचा. ६४ चं घनमूळ विचारलं की दिवे ४ वेळा लुकलुकायचे, असा किस्सा आहे. म्हणजे बॅटरी, दिवा, रेडिओ आणि प्रेक्षक हे चारही घटक १८९८ मध्येच एका छपराखाली होते!

अडलं होतं ते भुकेपाशी. तारेचा बल्ब खादाड. तो विजेची बहुतेक उष्णताच करतो, आणि जुन्या बॅटऱ्या जड. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. १९९३ मध्ये जपानच्या शुजी नाकामुरा यांनी लख्ख निळा एलईडी करून दाखवला, त्यावरून पांढरा एलईडी आला आणि २०१४ चं नोबेल त्या कामालाच मिळालं. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो जन्माला आलं आणि त्याच वर्षी भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला झाला. एवढी जुळणी झाल्यावर कंदिलाची वायर सुटली.

एकांकिका करणाऱ्या काही मित्रांसाठी मी अशा वस्तू बनवतो, म्हणून थोडा हिशोबही सांगतो. समजा देवीच्या मुकुटात ३० रंगीत एलईडी आहेत. पूर्ण पांढऱ्या उजेडात प्रत्येकी ६० मिलिअँपिअर, म्हणजे एकूण १.८ अँपिअर. ५ व्होल्टला ही झाली ९ वॅट. २५०० मिलिअँपिअर-तासांच्या एका सेलमध्ये साधारण सव्वानऊ वॅट-तास असतात. व्होल्टेज वाढवण्यातली गळती धरली तर मुकुट जेमतेम ५० मिनिटं चालेल. दोन अंकी नाटक अडीच तासांचं, पण देवी काही अडीच तास प्रसन्न होत नसते, १० मिनिटांत काम भागतं. खरी चोरी होते ती गप्प बसलेल्या दिव्यांकडून. हे स्मार्ट एलईडी काळे दिसत असतानाही प्रत्येकी जवळपास १ मिलिअँपिअर खातात. म्हणून प्रवेश येईपर्यंत त्यांचा पुरवठा एका मॉस्फेटने तोडून ठेवायचा आणि फक्त रेडिओला जागं ठेवायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे गर्दी. रंगीत तालमीला हॉल रिकामा असतो. प्रयोगाला शेकडो माणसं येतात. माणूस म्हणजे बहुतांशी पाणी, आणि पाणी या लहरी गिळतं. शिवाय प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, त्याचं वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात. त्यामुळे 'विझ' हा आदेश एकदाच पाठवून चालत नाही. क्रमांक घालून तो पाच-सात वेळा पाठवायचा, कंदिलाने पहिला मिळेल तो पाळायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. मंद होण्याच्या पायऱ्याही हवेतून पाठवायच्या नाहीत. "४ सेकंदांत विझ" एवढंच सांगायचं, पुढचं कंदील स्वतः बघतो. आणि संपर्क तुटला तर? दिव्याने आहे तसं राहायचं. नाटकात आपणहून विझलेला दिवा हा न विझलेल्या दिव्यापेक्षा वाईट.

पण सगळ्यात महत्त्वाचा भाग इलेक्ट्रॉनिक्सचा नाहीच. मशाल धरणारा माणूस नटाच्या शेजारी उभा असायचा, नटाचा श्वास त्याला दिसायचा. आता दिवा परत नटाच्या हातात आलाय, पण त्याचा ताबा लांब कुठेतरी बसलेल्या माणसाकडे आहे. नायिकेला आज एक क्षण जास्त थबकावंसं वाटलं तर? आपण एका माणसाचा क्षण दुसऱ्याच्या बोटाला बांधतोय. म्हणून माझ्या प्रत्येक कंदिलाच्या बुडाशी एक बारीक बटण असतं, अंगठ्याला लागेल असं. रेडिओ काहीही म्हणो, ते दाबलं की कंदील विझतो. या बटणाची किंमत ५ रुपयेसुद्धा नाही, पण नटाला ते आहे हे माहीत असणं याची किंमत मोठी आहे. बऱ्याचदा ते दाबावं लागत नाही. नुसतं आहे म्हणून नट मोकळा चालतो.

आणि हो, इतकं सगळं करण्याआधी दिग्दर्शकाला एकदा विचारावं, की हा दिवा खरंच हवाय का? १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल' झालं तेव्हा पडद्याचं काम ओळीत उभ्या राहिलेल्या माणसांनी केलं होतं. माणसंच हलली, वळली आणि जागा बदलली. त्यात कुठलंही यंत्र नव्हतं, आणि पन्नास वर्षांनंतरही लोक त्या माणसांच्या पडद्याबद्दल बोलतात.

असो. पुढच्या वेळी नाटकात एखादा कंदील विझला, तर तो कसा विझला हे त्या क्षणी शोधू नका. नाटक बघा. मध्यंतरात वडा खाताना मात्र जरूर विचार करा.