आजोबांचं दुसरं मत

माझे आजोबा गोंदियाजवळच्या एका गावचे. धानाची शेती, पावसाळ्यात चिखलणी आणि उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम. त्यांनी आयुष्यभर न चुकता मतदान केलं आणि कुणाला केलं ते कधी लपवलं नाही. एकदाच अडखळले. मी इंजिनिअरिंगला होतो. मोबाइलवर वाचता वाचता त्यांना विचारलं, "आजोबा, बाबासाहेब आपल्याकडून उभे होते म्हणे. तुम्ही मत दिलंत?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन कागद भेटले होते. दोनई झोपडीत टाकलो."

मला तेव्हा काहीच कळलं नाही. एका माणसाला दोन मतं कशी? नंतर वाचत गेलो, तेव्हा त्या एका वाक्यात काय काय दडलं होतं ते कळत गेलं.

गोंदिया तेव्हा जिल्हा नव्हता. तो १९९९ साली झाला, त्याआधी सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात. भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या जागा दोन होत्या, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. पहिल्या निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. ते मुळजी सिक्का या विडीच्या कंपनीत भागीदार होते आणि कंपनीचं सरकारला विड्या पुरवण्याचं कंत्राट होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल लागला, की सरकारी कंत्राटात हितसंबंध असलेला माणूस खासदार होऊ शकत नाही.

त्याच खटल्यात आणखी एक नाव होतं, गंगाराम थवरे. जातीने महार, पण महानुभाव पंथात गेलेले. पंथ बदलला म्हणून त्यांचा राखीव जागेवरचा अर्ज नाकारला होता. कोर्ट म्हणालं, ते महारच राहिले आहेत, अर्ज नाकारणं चूक होतं. दोन्ही जागा रिकाम्या झाल्या आणि मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक लागली.

राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. समोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. फेडरेशनचं चिन्ह हत्ती, काँग्रेसचं बैलजोडी, समाजवाद्यांचं झोपडी.

आता दोन कागदांचा हिशेब. तेव्हा शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर चिन्ह. मतदाराने आपल्या मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायच्या. जागा दोन म्हणून मतं दोन, पण ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांनाच. दोन्ही एकाच पेटीत टाकली, तर एकच धरलं जाई आणि दुसरं बाद. यालाच लोक 'मत कुजवणं' म्हणत. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी पडले होते, आणि तिथे बाद झालेली मतं सत्तर हजारांच्या वर होती.

म्हणून भंडाऱ्यात कार्यकर्ते चिडलेले होते. समाजवाद्यांचे सवर्ण मतदार आपल्याला दुसरं मत देणार नसतील, तर आपण तरी त्यांना का द्यायचं? आपणही कुजवू. जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत सांगितलं जातं, की बाबासाहेबांनी याला साफ नकार दिला. ज्याने संविधान लिहिलं, तो लोकांना मत वाया घालवायला कसा सांगेल, असा त्यांचा सवाल होता.

इथे मी थबकतो. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत अशा मतदारसंघांत सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत, आणि ती मोजलीही जात. त्या पद्धतीत बाबासाहेब जिंकले होते. म्हणजे नवा नियम आपल्याला महाग पडतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी नियम मोडून नव्हे, पाळून लढायचं त्यांनी ठरवलं.

निकाल लागला. अशोक मेहता जिंकले. बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरले.

माझं काम कोड लिहिण्याचं आहे, त्यामुळे मी तो नियम कागदावर मांडून बघितला. राखीव जागा अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला जास्त मतं त्याला. आजोबांनी दुसरा कागद हत्तीच्या पेटीत टाकला असता, तर मेहतांचं एक मतही कमी झालं नसतं. बाबासाहेबांचं मात्र एक वाढलं असतं. म्हणजे आजोबांनी दुसऱ्या मताने कुणाला निवडलं नाही, फक्त कुणाला तरी नाकारलं. तसं करण्यात त्यांचा काडीचा फायदा नव्हता.

"गावात तसंच ठरलं होतं," एवढंच ते पुढे बोलले. आम्ही कुणबी. कुणी ठरवलं, का ठरवलं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

कॉलेजातले मित्र म्हणतात, तू तेव्हा असतास तर? सोपं उत्तर आहे, एक झोपडी, एक हत्ती. मेहतांना, कारण सत्तेतल्या पक्षासमोर कुणीतरी ताठ उभं राहायला हवं. बाबासाहेबांना, कारण हिंदू कोड बिल रखडलं म्हणून मंत्रिपद सोडणारा माणूस लोकसभेत हवाच. पण हे उत्तर आज, पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून सुचतं. त्या मे महिन्यात, सगळं गाव एका बाजूला असताना, बावीस वर्षांचा मी काय केलं असतं? खात्रीने सांगता येत नाही. आजोबाही वाईट माणूस नव्हते. तो आठ हजारांचा आकडा अशाच, एरवी वाईट नसलेल्या माणसांनी भरलेला आहे.

अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. गंगाराम थवऱ्यांचा प्रश्न आता लाखोंचा झाला, की धर्म बदलला तर जातीमुळे मिळणारं संरक्षण राहतं का? बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले.

आता माझ्याकडे एकच मत असतं. गेल्या वेळी गावी जाऊन रांगेत उभा होतो. पुढच्या माणसाने सहज विचारलं, "यंदा आपल्याकडे काय ठरलं?" मी म्हणालो, "माझं मी ठरवलं आहे." त्याने जरा वळून पाहिलं, आणि रांग पुढे सरकली.