प्रच्छाया आणि उपच्छाया

प्रच्छाया व उपच्छाया हे अपारदर्शक वस्तूच्या छायेचे दोन मुख्य भाग आहेत. ज्या भागातून प्रकाशस्रोत पूर्णपणे झाकलेला दिसतो, तो भाग म्हणजे प्रच्छाया (गडद छाया) आणि ज्या भागातून तो अंशतः झाकलेला दिसतो, तो भाग म्हणजे उपच्छाया (विरळ छाया) होय. प्रच्छायेच्या टोकापलीकडे छायेचा तिसरा भाग असतो; तेथून वस्तूच्या सभोवती प्रकाशाचे कडे दिसते. ग्रहणाचा प्रकार या भागांवरून ठरतो. त्यामुळे एकच सूर्यग्रहण एका गावी खग्रास, तर नांदेड किंवा लातूर येथे खंडग्रास असू शकते.

छायेची रचना

बिंदूएवढ्या प्रकाशस्रोताने पडणाऱ्या छायेला उपच्छाया नसते. सूर्य मात्र आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. म्हणून सूर्यप्रकाशात गोलाकार वस्तूची प्रच्छाया शंकूसारखी निमुळती होत जाते व वस्तूच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट अंतरावर संपते. एक सेंटिमीटर जाडीच्या विजेच्या तारेची प्रच्छाया साधारण एक मीटरवरच संपत असल्याने खांबावरील तारेची जमिनीवर पडणारी सावली फिकट व अस्पष्ट असते.

सूर्यग्रहण

चंद्राच्या प्रच्छायेची सरासरी लांबी सुमारे ३,७४,००० किमी असून त्याचे पृथ्वीपासूनचे अंतर सुमारे ३,५६,००० ते ४,०७,००० किमी या दरम्यान बदलते. प्रच्छाया पृथ्वीपर्यंत पोहोचल्यास खग्रास आणि अपुरी पडल्यास कंकणाकृती ग्रहण होते. प्रच्छायेचा पट्टा सामान्यतः फार तर २७० किमीच्या आसपास रुंद असतो, तर उपच्छाया हजारो किलोमीटर पसरते.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी प्रच्छाया कर्नाटकातील रायचूर परिसरातून ओडिशातील पुरीकडे, म्हणजे लातूर व नांदेडच्या दक्षिणेकडून गेली. ११ ऑगस्ट १९९९ रोजी ती गुजरातमधून आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलमकडे आणि २२ जुलै २००९ रोजी सुरत, भोपाळ, वाराणसी, पाटणा या मार्गाने, म्हणजे या शहरांच्या उत्तरेकडून गेली. तिन्ही वेळी ही दोन्ही शहरे उपच्छायेत होती. २६ डिसेंबर २०१९ चे कंकणाकृती ग्रहणही केरळ व तमिळनाडूच्या पट्ट्यात पूर्ण कंकणाच्या रूपात दिसले. मराठवाड्यात ते खंडग्रास होते. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी तर प्रच्छाया पृथ्वीला स्पर्श न करता उत्तर ध्रुवाच्या बाजूने अवकाशातून निघून गेली. त्या दिवशी नांदेड व लातूर येथे सूर्य ग्रस्त स्थितीतच मावळला. यास ग्रस्तास्त म्हणतात.

निरीक्षणातील दक्षता

उपच्छायेतून सूर्याचा काही भाग सतत दिसत असतो. खग्रास अवस्थेत सूर्यबिंब पूर्ण झाकलेले असेपर्यंतच नुसत्या डोळ्यांनी पाहणे सुरक्षित असते. खंडग्रास ग्रहणात असा एकही क्षण येत नाही, म्हणून प्रमाणित सौरचष्मा आवश्यक ठरतो. पुठ्ठ्याच्या बारीक छिद्रातून कागदावर पाडलेली प्रतिमा हा दुसरा सुरक्षित मार्ग आहे. झाडाच्या पानांमधील फटींतूनही जमिनीवर सूर्याच्या कोरीसारख्या प्रतिमा पडतात.

चंद्रग्रहण

आर्यभटाने 'आर्यभटीय' (इ.स. ४९९) या ग्रंथात ग्रहणांचे कारण छाया असल्याचे सांगून पृथ्वीच्या छायेची लांबी काढण्याची रीत दिली आहे. पृथ्वीची प्रच्छाया सुमारे १४ लाख किमी लांब असून चंद्राच्या कक्षेपाशी तिची रुंदी चंद्राच्या व्यासाच्या अडीच पटींहून थोडी अधिक असते. चंद्र त्या छायेत पूर्ण शिरल्यास खग्रास, अंशतः शिरल्यास खंडग्रास आणि केवळ उपच्छायेतून गेल्यास छायाकल्प चंद्रग्रहण होते. १० जानेवारी २०२० व ५ मे २०२३ च्या रात्री झालेली ग्रहणे छायाकल्प होती. अशा ग्रहणात चंद्र किंचित मंद होतो, पण ते सहज लक्षात येत नाही. म्हणून पंचांगांत त्याचे वेध धरले जात नाहीत.

छाया चंद्रावरच पडत असल्याने, जेथे चंद्र क्षितिजाच्या वर असतो तेथे सर्वत्र ग्रहणाचा प्रकार व वेळ एकच असते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी रात्री ९.५७ वाजता चंद्र प्रच्छायेत शिरू लागला आणि ११.०१ ते १२.२३ पर्यंत पूर्ण ग्रासलेला होता. हे ग्रहण नांदेड, लातूर व उर्वरित भारतात खग्रासच होते.