मधमाशांचा डंख : अ‍ॅव्हिलआधी अ‍ॅड्रेनालिन

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहफूल, तेंदूपानाच्या हंगामात आग्या मोहोळ उठले की लोक आधी ‘अ‍ॅव्हिल’ मागतात. अंगावर खाज, गांधी असतील तर अ‍ॅव्हिल किंवा सेट्रिझिन ठीक. पण गोळीचा गुण यायला अर्धा-एक तास लागतो. ओठ-जीभ सुजली, दम कोंडला, भोवळ आली तर तेवढा वेळ हातात नसतोच. तेव्हा जीव वाचवते अ‍ॅड्रेनालिन. दवाखान्यात डॉक्टर किंवा नर्स मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूने स्नायूत देतात. फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी पुन्हा. अ‍ॅव्हिल त्यानंतर. त्याने गुंगीही येते, मग माणूस झोपला की बेशुद्ध पडला, घरच्यांना कळत नाही. १०८ ला फोन करा, रुग्णाला आडवे ठेवा, चालवत नेऊ नका. धाप लागली असेल तर बसू द्या. बरे वाटले तरी लगेच घरी आणू नका, काही तासांनी त्रास उलटू शकतो.